गाडीचं नाक किती वर असावं?

आपल्याकडे जुनी गाडी घेताना माणूस ॲव्हरेज विचारतो, टायरला लाथ मारून बघतो, दार आपटून आवाज ऐकतो. गाडी श्वास कुठून घेते हे मात्र कुणी विचारत नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर राहणाऱ्यांनी तरी ते विचारावं. उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि पावसाळ्यात ओढ्याचं पाणी, दोन्ही एकाच वाटेनं इंजिनात शिरायला टपलेली असतात.

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी जुनी बोलेरो कॅम्पर घेतली, चारही चाकांना जोर देणारी. काजू, पेंडीची पोती, आणि रात्री-अपरात्री गावातलं आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच जातं. तिला स्नॉर्केल बसवायचा त्याचा हट्ट होता. स्नॉर्केल म्हणजे बॉनेटच्या बगलेतून निघून पुढच्या काचेच्या कडेनं टपापर्यंत गेलेली काळी नळी. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलातल्या शर्यतींची चित्रं पाहून आपल्या पोरांना या नळीचं वेड लागलंय. अक्काचा, म्हणजे त्याच्या आईचा, ठाम विरोध. "नाक वर केलं की हा पुरात गाडी घालणार," एवढंच तिचं म्हणणं. भाऊजी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटून उठून गेले. मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळं घरातला लवाद आपोआप माझ्याकडे येतो.

लवाद करायचा तर आधी माहिती हवी. अडीच लिटरचं डिझेल इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर ते मिनिटात सुमारे अडीच हजार लिटर हवा ओढतं. घरावरच्या हजार लिटरच्या अडीच टाक्या, दर मिनिटाला! वर टर्बो असेल तर आणखी. या हवेतून चिमूटभर बारीक धूळ रोज आत गेली, तरी ती सिलिंडरच्या भिंतीवर पॉलिश कागदासारखी घासत राहते. कॉम्प्रेशन जातं, तेल जळू लागतं, धूर येतो आणि आपण डिझेलला शिव्या देतो.

पाण्याची गोष्ट वेगळी. धूळ वर्षानुवर्षं घेते, पाणी एका क्षणात काम उरकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ओढून बाहेर काढावी. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसतही नाही.

आमच्या मिस्त्रीनं सगळं शास्त्र चार शब्दांत सांगितलं: "गाळी बेकु, नीर ब्याड." हवा पाहिजे, पाणी नको. कन्नडमध्ये हवेला गाळी म्हणतात आणि आपण फिल्टरला गाळणी म्हणू शकतो. गाळीची गाळणी! दोन भाषांच्या घरात असले विनोद फुकट मिळतात.

तर गाळणी कोणती? शहरातल्या एका दुकानदारानं भाच्याला उघडी, शंकूसारखी, तेल लावलेल्या सुती जाळीची गाळणी दाखवली होती. आवाज भारी येतो, ताकद वाढते म्हणाला. मला ती मुळीच पटली नाही. बॉनेटखालची तापलेली हवा ओढायची, आणि बारीक धुळीला कागदी गाळणीपेक्षा जास्त वाव द्यायचा, हा कसला सौदा? नव्या गाड्यांत हवा मोजणारा नाजूक सेन्सर असतो, त्यावर हे तेल बसलं की आणखी कटकट. जुन्या जीपना तळाशी तेलाची वाटी असलेली गाळणी असे. ती धुऊन पुन्हा वापरता यायची, पण चढावर फार कलली की तेल सांडायचं. कंपनीचा बंद डबा आणि त्यातली कागदी गाळणी, हीच आपल्या धुळीला बरी.

स्नॉर्केलचा खरा उपयोगही धुळीतच जास्त. चाकांनी उडवलेली धूळ खाली दाट, टपाच्या उंचीवर विरळ असते. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर पारदर्शक वाटी तुम्ही पाहिली असेल. हवा तिच्यात गरगर फिरते, जड कण बाजूला फेकले जाऊन वाटीत साठतात. तसंच डोकं स्नॉर्केलला बसवता येतं, आणि खालच्या गाळणीचं निम्मं काम वरच होतं.

पाण्याचं म्हणाल तर अक्काच बरोबर. गुरखा गाडीला कारखान्यातूनच स्नॉर्केल येतो, तरी कंपनी पाण्याची मर्यादा ७०० मिलिमीटरच सांगते. स्नॉर्केल नसलेल्या २०२०च्या थारची मर्यादा ६५०. म्हणजे नाक टपावर गेलं तरी परवानगी दोन बोटांनीच वाढली! वायरिंग, ॲक्सलचे श्वासछिद्र, गिअरबॉक्स, सगळं खालीच राहतं. आणि वाहतं पाणी दोन फूट असलं तरी जड गाडी उचलून नेतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यानं जो पूर पाहिला, त्यापुढं कुठलं नाक टिकणार होतं?

शेवटी असं ठरलं. कंपनीचा डबा आणि कागदी गाळणी कायम. स्नॉर्केल बसवायचा, पण वाटीवाल्या डोक्यासकट. डब्याच्या तळाला पाणी निचरायचं भोक असतं, ते बंद करायचं, आणि प्रत्येक जोड घट्ट सील करायचा. एक जोड सैल राहिला तर स्नॉर्केल नुसता शोभेचा. ॲक्सलच्या श्वासछिद्रांना नळ्या जोडून त्या वर घ्यायच्या. हे सगळं आरटीओत विचारून, कारण नोंदणीतली मूळ रचना बदलण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९मध्ये त्यावर बोट ठेवलंय. अक्कानं आपली एक अट घातली: ओढ्याच्या मोरीवर गाडीच्या हबाच्या उंचीला तांबडी रेघ मारायची. रेघ बुडाली की गाडी अलीकडे, माणूस चालत साकवावरून. भाच्यानं थोडी कुरकुर केली, पण रंग त्यानंच आणला.

गाळणी साफ करताना मात्र हात आवरा. गॅरेजवाले बाहेरून हवेचा फवारा मारतात, त्यानं धूळ कागदात आणखी रुतते, कागद फाटतोही. थोडी मळलेली गाळणी कोरीपेक्षा बारीक धूळ जास्त अडवते, म्हणून रोज उघडून बघायची गरज नाही. त्यापेक्षा गाळणीच्या पुढच्या, इंजिनाकडच्या पाइपात ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून बघावं. फडकं तांबडं निघालं तर कुठंतरी गळतंय. आमचं मागच्या महिन्यात पांढरं निघालं. भाऊजींनी ते भाच्याच्या हातातून घेतलं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि परत दिलं.