तंबूची मेख

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. शिबिरास निघालेल्या विद्यार्थ्याची स्थिति कांहीं वेगळी नसते. तंबू, अंथरूण, शिधा, पाणी, सर्व कांहीं त्याच्या पाठीवर. त्यामुळें जो तो ओझें कमी करण्याच्या मागें असतो. हें योग्यच आहे. परंतु ओझें कमी करतांना पहिला घाव बहुधां बिचाऱ्या मेखेवर पडतो, याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. विषय क्षुल्लक दिसेल. पण तो तसा नाहीं, हें आम्ही स्वतःच्या चुकीनें शिकलों आहों.

पूर्वीं सरकारी अधिकारी व मिशनरी हिवाळ्यांत दौऱ्यावर निघत, तेव्हां तंबू बैलगाडींतून जात. मेखा जाडजूड असत व त्यांचा भार बैलांवर पडे. आतां तोच भार तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येतो. तेव्हां मेख हलकी हवी, याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो हलकेपणा कशानें मोजावा, याविषयीं.

कांहीं वर्षांपूर्वीं, फेब्रुवारी महिन्यांत, आमच्या शाळेचें शिबिर अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील एका मोकळ्या बांधींत उतरलें होतें. तंबू नवे होते. मेखाही नव्या, काडीसारख्या बारीक. त्या आम्हींच तराजूवर घालून निवडल्या होत्या. शेताचा मालक संध्याकाळीं आला, एक मेख बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, हे खुंटे आहेत कीं दाभणें?" आम्ही हसलों, व त्यास धातूच्या गुणांवर एक लहानसें व्याख्यान ऐकविलें.

मध्यरात्रीं अवकाळी पाऊस व वारा सुटला. अर्ध्या तासांत नऊपैकीं आठ तंबू आडवे झाले. मुलांस गांवांतील शाळेच्या ओसरीवर नेण्यांत आम्ही असे गुंतलों कीं, जो एक तंबू उभा होता त्याकडे कोणींच पाहिलें नाहीं. शेवटीं तेथें गेलों, तेव्हां सातवींतील एक मुलगा बाहेर पावसांत तणावा दोन्ही हातांनीं धरून उभा दिसला. आंत त्याचा सोबती तापानें निजला होता. मुलगा म्हणाला, "सर, मेख निघून आली, म्हणून मीच उभा राहिलों."

त्या मुलानें पुढें आठवडाभर अंथरूण धरलें. त्याचे वडील शाळेंत आले. ते रागावले नाहींत, त्यांनीं एवढेंच विचारलें, "सर, मेख ठोकल्यावर ती ओढून पाहिली होती का?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरानें दिलेलें उत्तर समजावें.

मेख तंबूस कशी धरते? ती स्वतःच्या वजनानें धरीत नाहीं. मातीच्या बळावर धरते. वारा तंबूस ओढतो, तंबू तणाव्यास, तणावा मेखेस, आणि मेख आपल्या अंगापुढील मातीस रेटते. म्हणून मेख जितकी खोल व जितकी रुंद, तितकी अधिक माती तिच्या साह्यास येते. एकाच आकारमानाचे तुकडे घेतले, तर पोलाद पाण्याच्या सुमारें ७.८ पट जड, टायटॅनियम ४.५ पट व ॲल्युमिनियम २.७ पट जड भरतें. म्हणजे टायटॅनियम ॲल्युमिनियमहून हलकें नाहीं! तें बळकट असल्यामुळें त्याची मेख अगदीं बारीक करतां येते, म्हणून ती हलकी होते. आणि येथेंच खरी मेख आहे. बारीक मेख वांकत नाहीं, हें खरें. पण ओल्या मऊ मातींतून ती लोण्यांतील सुरीसारखी सरकत येते.

आतां थोडें गणित पाहूं. सहा मिलिमीटर जाडीची व वीस सेंटिमीटर लांबीची पोलादी मेख सुमारें ४४ ग्रॅम भरते. अशा दहा मेखांचें वजन ४४० ग्रॅम. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तीन पात्यांची मेख सुमारें १५ ग्रॅमची; दहांचें वजन १५० ग्रॅम. टायटॅनियमच्या बारीक मेखा आठ ग्रॅमच्या धरल्या, तर दहांचे ८० ग्रॅम. पोलाद सोडून पात्यांची मेख घेतली, तर २९० ग्रॅम वांचतात. हा लाभ मोठा आहे. परंतु त्यापुढें बारीक मेखेकडे वळून जे ७० ग्रॅम वांचतात, ते एका बऱ्यापैकीं पेरूच्या वजनाहूनही कमी! एका पेरूसाठीं आम्हीं सबंध शिबिर पावसांत उभें केलें होतें.

म्हणून आमचें मत असें कीं, मेख आधीं मातीस विचारून निवडावी व मग तराजूस. आपल्या भागांतील शेतकरी जमिनीस कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशीं निरनिराळीं नांवें देतात, तीं उगीच नव्हेत. धानाच्या बांधींतील चिकण माती कोरडी असतां दगडासारखी व भिजतांच लोण्यासारखी होते. तेथें रुंद पात्यांची, लांब मेखच हवी. आपल्याकडील भरीव बांबूच्या, वीतभराहून लांब मेखा बुरडाकडून करून घेतल्या, तर त्याही अशा मातींत उत्तम काम देतात व स्वस्त पडतात. उलट सालेकसा तालुक्यांत दरेकसाच्या डोंगराळ, खडकाळ भागांत रुंद पातें आंत शिरतच नाहीं. तेथें बारीक, कठीण मेखच दोन दगडांमधून वाट काढते. म्हणजे दाभण वाईट नव्हे. तें भलत्या जागीं वापरणें वाईट. दहा मेखा न्यावयाच्या असल्यास सहा पात्यांच्या व चार बारीक घ्याव्या, आणि पात्यांच्या मेखा चार कोपऱ्यांस व वाऱ्याच्या बाजूस लावाव्या.

मेख ठोकण्याचीही रीत आहे. तिचें डोकें तंबूपासून दूर कललेलें असावें, म्हणजे तणावा तिच्याशीं काटकोन करतो. ती पुरती आंत जावी; वर राहिलेल्या भागावर दोर चढला कीं मेख उचकटण्यास वेळ लागत नाहीं. माती फारच मऊ असेल, तर एका तणाव्यास दोन मेखा द्याव्या, किंवा मेखेवर जड दगड ठेवावा. आणखी एक गोष्ट. सुती दोर भिजला कीं आंखडतो, म्हणून जुनीं माणसें पावसापूर्वीं तो सैल करण्यास सांगत. नायलॉनचा दोर भिजल्यावर सैल पडतो, म्हणून तो पावसांत पुन्हां ताणावा लागतो. सर्वांत शेवटीं मेख हातानें ओढून पाहावी. या परीक्षेस पैसा लागत नाहीं.

मेखांसाठीं रानांतील कोवळीं झाडें तोडण्याची वाईट खोड मात्र कोणीं लावून घेऊं नये. नवेगांव व नागझिरा येथील रानें २०१३ सालीं व्याघ्र प्रकल्पांत आलीं. एका रात्रीच्या निवाऱ्यासाठीं ज्यानें रोपटें छाटलें, तो रानाचा पाहुणा नव्हे.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, अशा एखाद्या रात्रीची गोष्ट ऐकून मुलांस घरीं अडकवून ठेवूं नये. विल्यम कॅरी यांनीं १७९२ सालीं नॉटिंगहॅम येथें यशयाच्या ५४ व्या अध्यायांतील ज्या वचनावर प्रवचन केलें, त्यांत तंबूचे दोर लांबविण्यास सांगितलें आहे व त्याबरोबरच मेखा बळकट करण्यासही. पुढें तेच कॅरी बंगालमध्यें आले व १८०५ सालीं त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. दोर लांबवावयाचा तर मेख पक्की हवी, हें त्यांस ठाऊक होतें.

तो मुलगा पुढील वर्षीं पुन्हां शिबिरास आला. या खेपेस त्यानें प्रत्येक तंबूची प्रत्येक मेख स्वतः ओढून पाहिली, आणि दोन मेखा आमच्याकडून पुन्हां ठोकून घेतल्या.