मिनिटाला अडीचशे ठोके

कुठल्याही क्लबमध्ये जो हाउस वाजतो त्याचा स्पीड असतो मिनिटाला १२०-१३० ठोके. म्हणजे हातातला ग्लास न सांडता नाचता येईल इतपत. आता याच्या दुप्पट करा. टांझानियात, दार-ए-सलामच्या गल्ल्यांमध्ये जन्मलेलं ‘सिंगेली’ २०० च्या खाली क्वचितच उतरतं आणि ३०० लाही घाबरत नाही. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, कुणीतरी फास्ट फॉरवर्डचं बटण दाबून चहाला निघून गेलंय. थोडा धीर धरा. तिसऱ्या ट्रॅकला टेबलाखाली पाय हलायला लागतात.

हे सगळं जगभर पोचवणारं लेबल म्हणजे युगांडाच्या काम्पालाचं ‘न्येगे न्येगे टेप्स’. आपलं एकदम फेव्हरिट! लुगांडा भाषेत या नावाचा अर्थ नाचायची अनावर हुक्की. स्वाहिलीत मात्र ‘न्येगे’ म्हणजे वेगळीच हुक्की, ती इथे छापत नाही. लेबलवाल्यांचा २०१५ पासून एक फेस्टिव्हलही आहे, जिंजाच्या परिसरात, नाईलकाठी सुरू झालेला. २०१८ मध्ये नीतिमत्ता खात्याच्या मंत्र्यांनी आणि २०२२ मध्ये थेट संसदेने तो बंद पाडायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा फेस्टिव्हल झालाच.

आता मुद्द्याचं. अलीकडच्या रेकॉर्ड्समधली माझी नंबर वन, सिसो आणि माइको यांची ‘सिंगेली या माजाबू’ (२०२४). ‘माजाबू’ आणि आपलं ‘अजब’ एकाच अरबी मुळातून आलेले. आणि आहेच अजब! सिसो हा या संगीताच्या कर्त्यांपैकी एक, त्याच्याच स्टुडिओतून २०१७ चं ‘साउंड्स ऑफ सिसो’ आलं होतं. इथे माइकोचा कीबोर्ड खेळण्यातल्या पियानोसारखा टिणटिणतो आणि खाली ठोक्यांचा नुसता पाऊस. गंमत म्हणजे इतक्या वेगातही चाल हरवत नाही, गुणगुणता येते.

त्याआधीचं डीजे ट्रॅव्हेलाचं ‘मिस्टर मिक्सोंडो’ (२०२२) जास्त चकाचक. पठ्ठ्या तेव्हा जेमतेम १९ वर्षांचा होता. पण इथे माझी एक तक्रार. दारमध्ये सिंगेली म्हटलं की एमसी आलाच, तोंडाला फेस येईस्तोवर बोलणारा. रात्रभर चालणाऱ्या गल्लीतल्या पार्ट्यांमध्ये लोक त्याच्या शब्दांवर उसळतात. बाहेरच्या जगासाठी निघणाऱ्या रेकॉर्ड्सवर बऱ्याचदा नुसता ठेका उरतो. लेबल सुरू करणारे दोघंही युरोपातून आलेले, कदाचित त्यांच्या कानांना तेच सोयीचं वाटत असेल. मला ते अर्धं ताट वाटतं.

भरपाई हवी असेल तर त्यांच्याच ‘हाकुना कुलाला’ या धाकट्या लेबलवरचं एमसी यल्लाहचं ‘यल्लाह बेबे’ (२०२३) लावा. बाई लुगांडा, लुओ, स्वाहिली आणि इंग्रजीत रॅप करते. एक शब्द कळला नाही तरी ती कुणाला तरी सॉलिड झापतेय हे बरोब्बर कळतं.

आणि जुन्यातलं एकच, ओटिम अल्फाचं ‘गुलू सिटी अँथम्स’ (२०१७). उत्तर युगांडात अचोली लोकांच्या लग्नात मोठा ताफा लागायचा. युद्धाने पोळलेल्या भागात तो परवडेना, तेव्हा तीच लग्नाची गाणी कॉम्प्युटरवर रचली गेली. बेंजो पार्टी परवडली नाही म्हणून डीजे बोलावणाऱ्या आपल्या वऱ्हाडी मंडळींना हे वेगळं समजवायला नको. फरक इतकाच, की इथे जुन्या गाण्याचा जीव शाबूत राहिलाय.

लेबलचे अल्बम बँडकॅम्पवर विकत मिळतात. स्ट्रीमिंगपेक्षा तिथे घ्या, कलाकारांच्या हातात चार पैसे जास्त पडतील. सुरुवात ओटिमपासून करा, मग यल्लाह, आणि सिसो-माइको शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारी सकाळच्या मीटिंगआधी अजिबात नको!