दहा मिनिटांत सामान आलं, नफा कुठं अडकला?

बेळगाव : ‘ब्लिंकिट’ची मालक कंपनी इटर्नल, म्हणजे पूर्वीची झोमॅटो. तिचा जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीतला नफा वर्षभरापूर्वीच्या १७५ कोटींवरून ३९ कोटींवर आला. जेवण पोचवण्याच्या धंद्यात कंपनी तेव्हा कमावत होती, पण किराणा पोचवण्यात ती कमाई जात होती. मग हा धंदा कधी नफ्यात येणार की नाही?

हिशेब साधा आहे. त्या तिमाहीत ब्लिंकिटवरून सुमारे ९,४२१ कोटींचा माल गेला. त्यातून कमिशन, जाहिराती आणि डिलिव्हरी शुल्क मिळून कंपनीच्या हाती १,७०९ कोटी आले, म्हणजे शंभर रुपयांमागे अठरा. खर्च मात्र वीसच्या घरात गेला आणि १७८ कोटींचा तोटा झाला. सरासरी ऑर्डर ६६५ रुपयांची, म्हणजे प्रत्येक पिशवीमागे बारा-तेरा रुपये पदरचे गेले. शिवाय हा तोटा घसारा, व्याज आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च धरण्याआधीचा आहे! रविवार पेठेतला कुठलाही व्यापारी असा ताळेबंद बघून आधी घसाऱ्याचंच विचारेल.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये हीच ब्लिंकिट याच मोजमापाने ना नफा ना तोटा या टप्प्यावर पोचली होती. तेव्हा तिची ५२६ डार्क स्टोअर होती, म्हणजे गिऱ्हाईक आत येत नाही अशी गोदामवजा दुकानं. वर्षभरात ती १,३०१ झाली. नवीन दुकानाचं भाडं आणि पगार पहिल्या दिवसापासून सुरू होतात, ऑर्डर मात्र सावकाश वाढतात. त्यामुळे हा तोटा बराचसा विस्ताराचा आहे, धंदाच बुडीत आहे असं म्हणणं घाईचं ठरेल.

अडचण अशी की विस्तार थांबवायचा कुणी? स्विगीचा २०२४-२५ चा तोटा ३,११७ कोटी आहे आणि झेप्टोही मैदानात आहे. जो आधी हात आखडता घेईल त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार.

ॲमेझॉनचं उदाहरण इथं हमखास दिलं जातं. १९९४ साली सुरू झालेल्या त्या कंपनीला पहिला वार्षिक नफा २००३ मध्ये झाला, हे खरं. पण पुढं तिचा मोठा नफा कॉम्प्युटर सेवा भाड्याने देण्यातून आला, सामान विकण्यातून नव्हे. ब्लिंकिटकडे तसा जोडधंदा अजून दिसत नाही. मोठ्या ब्रँडच्या जाहिराती आहेत. स्वतःचा माल ठेवून मार्जिन वाढवायची वाटही आहे. त्यासाठीच इटर्नलने मे २०२५ मध्ये भागधारकांच्या संमतीने परदेशी हिस्सा ४९.५ टक्क्यांवर मर्यादित केला.

तेव्हा मुंबई-दिल्लीत, जिथं एका इमारतीतून दिवसाला वीस ऑर्डर निघू शकतात, तिथं नफा होईल. निपाणी, खानापूर किंवा मडगावात एवढी दाटी कुठून आणणार? इथं किराणावाला उधारी देतो, महिन्याची यादी घरपोच करतो आणि त्याचं दुकान बहुधा स्वतःचं असतं, भाड्याची कटकट नाही. पण समोरच्याचा तोटा भागधारक भरून देत असतील, तर दोन-तीन वर्षं तग धरणं यालाही जड जाईल, आणि तो गेल्यावर डिलिव्हरी शुल्क किती असेल ते कंपनी ठरवेल.

डिसेंबर २०२५ पर्यंत दोन हजार दुकानांचं उद्दिष्ट ब्लिंकिटने ठेवलं होतं. तोपर्यंतच्या तिमाही आकड्यांत एकूण तोट्यापेक्षा जुन्या दुकानांची कमाई बघायला हवी.