आधी ताकद, मग वजनकाटा

मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसला, दोन-तीन महिने घरात गेले. मग तपासणीला गेलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : ‘वजन फार वाढलंय. आधी ते उतरवा, पाय आपोआप सुधारेल.’ घरचे तेच म्हणतात, भेटायला आलेले पाहुणेही तेच. तो बिचारा रात्रीचं जेवण सोडतो, दूध बंद करतो, सकाळी लिंबू-मध घेतो आणि दर आठवड्याला काट्यावर उभा राहतो. सल्ला कळकळीनेच दिलेला असतो, पण त्याचा क्रम उलटा आहे. मोठ्या दुखापतीतून उठणाऱ्या माणसाने आधी ताकद कमवावी. वजनाचा विचार त्यानंतर करावा.

पूर्वपक्ष मात्र लेचापेचा नाही. वाढलेल्या वजनाचा गुडघ्यावर भार पडतो, हे कुणीच नाकारणार नाही. गुडघ्याची झीज झालेल्या स्थूल रुग्णांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन एक किलोने घटलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, असं त्यात दिसलं. पण ते रुग्ण चालते-फिरते होते. प्लास्टरमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पायाला हा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही, कारण त्या पायाचं मुख्य दुखणं वजन नसून झडलेले स्नायू हे असतं.

स्नायू झडतात ते दोन वाटांनी. डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास ग्लासगोमध्ये पायाचं हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली, तेव्हा तिच्यातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त नायट्रोजन बाहेर पडत होता. जखमी शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खात होतं. दुसरी वाट अंथरुणाची. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वस्तुमान गेलं. त्यांचं हाड मोडलेलं नव्हतं, शस्त्रक्रियाही झालेली नव्हती.

आता काट्याकडे पाहा. समजा, तीन महिन्यांत दोन किलो स्नायू गेले आणि सहा किलो चरबी आली. काटा सांगणार, ‘चार किलो वाढलं.’ या आकड्यात दोन्ही नुकसानं झाकली जातात. त्यात उपासमार केली की चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातात. काटा खाली येतो, घरचे शाबासकी देतात आणि जिन्यावर गुडघा पूर्वीपेक्षा जास्त लटपटतो. हाड जुळायलाही प्रथिनं आणि ऊर्जा लागते. नेमक्या त्याच दिवसांत ताट अर्धं करणं हा शरीरावर अन्याय आहे.

याच्या नेमका विरुद्ध पक्ष आपल्या स्वयंपाकघरात बसलेला असतो. ‘हाड मोडलंय, खायला घाला’ म्हणत डिंकाचे लाडू, साजूक तुपातला शिरा, पायाचं सूप येतं. यातली माया मी मोलाची मानतो. पण डिंक हा मुख्यतः तंतू. लाडवाची ऊर्जा येते तुपातून आणि गुळातून. पायाच्या सुपातल्या जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे एकट्या त्यावर स्नायू बांधले जात नाहीत. सत्तर किलोच्या निरोगी माणसाला रोज साधारण ५८ ग्रॅम प्रथिनं लागतात. दुखापतीनंतरच्या काळात सहसा ८५ ते १०५ ग्रॅम सुचवली जातात. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. वरण-भाताच्या ताटात हा आकडा गाठायचा तर डाळ घट्ट हवी, उसळ रोज हवी, दही-अंडी-मासळी यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा हवं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. बाकीच्यांनी लाडू कमी करून उसळ वाढवली तरी पुष्कळ झालं.

‘पूर्ण आराम’ हाही असाच एक हट्ट. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघा आणि मांडीचे जखमी महिनोन् महिने पडून असायचे. हलका व्यायाम पुष्कळ वेळा, अशी तेव्हाची रीत होती. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरने ती मोडली. वजन जड, आवर्तनं मोजकी आणि पेललं की भार थोडा वाढवायचा, ही त्याची पद्धत १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. क्रमाने वाढत्या भाराचं हे तत्त्व आजच्या पुनर्वसनाचा कणा आहे. आणि प्लास्टरच्या दिवसांतही हात बांधून बसायचं कारण नाही. येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्येच दाखवलं होतं, की एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्या, न हललेल्या हाताचीही ताकद वाढते. म्हणजे डावा पाय प्लास्टरमध्ये असताना उजव्या पायाला दिलेली मेहनत डाव्याच्याही कामी येते. हे किती रुग्णांना सांगितलं जातं? मोडक्या हाडावर कधी आणि किती भार टाकायचा, हे मात्र एक्स-रे पाहून सर्जननेच ठरवायचं. तिथे उतावीळपणा नको.

अलीकडे आणखी एक मत जोरात आहे : मनात आणलं की सगळं होतं. त्यासाठी मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण देतात. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान, सैन्यातला बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पांगळा झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला. त्यांच्या जिद्दीपुढे मान झुकतेच. पण त्या जिद्दीला लष्करी रुग्णालय मिळालं, उपचार म्हणून पोहणं मिळालं, सरावाला वेळ मिळाला. स्लॅबवरून पडलेल्या गवंड्याला यातलं काय मिळतं? त्याला नुसती पेटकरांची गोष्ट ऐकवणं म्हणजे व्यवस्थेची उणीव त्याच्या मनोबलाच्या माथी मारणं. माझा याला स्पष्ट विरोध आहे.

मग प्रगती मोजायची कशी? रोज लागणाऱ्या हालचालींनी. हाताचा आधार न घेता खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं? एसटीची पायरी दांडा न ओढता चढता येते का? मांडी घालून जेवायला बसता येतं का, आणि तिथून उठता येतं का? दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला तर फरक किती येतो? पहिले सहा-आठ आठवडे हेच आकडे लिहावेत. पाय भार पेलू लागला की चालणं वाढतं, झोप सुधारते, दिवसभर बसल्या जागी होणारं खाणं आवरतं. त्यानंतर ताटातला भात, साखर, तळण हळूहळू कमी करावं. तेव्हा जे वजन उतरतं ते मुख्यतः चरबीचं असतं. कंबर मोजली की ते दिसतं.

‘हे पैसेवाल्यांचे चोचले’, असा शेवटचा आक्षेप येतो. व्यायामाला लागतं काय? गुडघ्याखाली ठेवून दाबायला गुंडाळलेला टॉवेल, पायाला बांधायला वाळूची पिशवी, एक खुर्ची, एक पायरी. महाग आहे ते जाणकाराचं लक्ष. रॉड बसवायला कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला घरी सोडताना कागदावर ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ एवढीच ओळ मिळते. त्याऐवजी त्याच कागदावर मराठीत लिहिलेलं असावं : कोणते व्यायाम, किती वेळा, भार कधी वाढवायचा, रोज किती अंडी किंवा किती वाट्या उसळ, काय झालं तर ताबडतोब यायचं. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस फिजिओथेरपिस्टने हा कागद पुढ्यात घेऊन रुग्णाला खुर्चीतून उठायला लावावं, आणि आकडा लिहून घ्यावा.