शेजारी कोण, हाच पहिला धडा

पहिली-दुसरीच्या मुलाला समाज शिकवायचा म्हणजे घर, गल्ली, शाळा, बाजार, गाव या क्रमाने त्याचे जग हळूहळू मोठे करत न्यायचे. आपल्याकडे या विषयाला तिसरीत ‘परिसर अभ्यास’ हे नाव मिळते. त्याआधी तो गप्पा, चित्रे आणि फेरफटका यांतूनच शिकवला जातो. हे शिक्षण ख्रिस्ती दृष्टीने द्यावे का, हा वाद ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत आणि मंडळ्यांत पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मी ख्रिस्ती आहे, शिक्षक आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: जरूर द्यावे. मात्र ‘ख्रिस्ती दृष्टी’ या नावाखाली आज जे चालते, त्यातले बरेचसे मला मुळीच मान्य नाही. म्हणून आधी बाहेरच्या आक्षेपकांना उत्तर देतो, मग आपल्याच माणसांना, आणि त्यानंतर माझी बाजू मांडतो.

पहिला आक्षेप असा की, सामाजिक शास्त्रे सर्वांची आहेत. त्यांत एका धर्माची दृष्टी घुसवली की वर्गाची उपासना होते आणि कोवळ्या वयाचा फायदा घेऊन धर्मांतराची वाट तयार केली जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मिशन शाळा शिक्षण आणि धर्मप्रसार ही दोन्ही कामे एकाच छपराखाली करत होत्या, हे त्या शाळा काढणाऱ्यांनी कधी लपवले नाही. आपणही लपवू नये. आज मात्र राज्यघटनेने रेषा आखून दिलेली आहे. कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. कलम २८ सांगते की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. ही रेषा मला जाचक वाटत नाही. जबरदस्तीने वळवलेल्या मनाला ख्रिस्ताच्या शिकवणीत जागाच नाही, त्यामुळे कायद्याने सांगितले नसते तरी ती आपणच आखायला हवी होती.

पण या आक्षेपाचा दुसरा भाग चुकीचा आहे. दृष्टीवाचून समाज शिकवता येतो, असे त्यात गृहीत धरले आहे. कोणते सण सांगायचे, कोणाचे काम चित्रात दाखवायचे, कोणाचे घर ‘घर’ म्हणून रंगवायचे, हे कोणीतरी ठरवतेच. आणि जे ठरवते त्याला दृष्टी असते. महाराष्ट्रात ज्यांनी शिक्षण खऱ्या अर्थाने बदलले, ते सगळे ठाम दृष्टीचे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. ती पंगत हाच समाजशास्त्राचा धडा होता आणि त्यामागे सत्यशोधक विचार उभा होता. ‘कर्मवीरांनी तटस्थ राहायला हवे होते’ असे आज कोणी म्हणत नाही. मग प्रश्न दृष्टी असावी का, हा उरत नाही. ती उघड आहे का, आणि तिच्यामुळे वर्गातले कोणते मूल लहान ठरते का, एवढेच विचारायचे.

दुसरा आक्षेप वयाचा. इतक्या लहान मुलांना न्याय-अन्याय, इतिहासातली भांडणे काय कळणार? त्यांना आनंदाने बागडू द्या. पण सहा वर्षांच्या मुलाला न्याय कळत नाही, असे म्हणणाऱ्याने वर्गात खडू वाटून पाहावेत. एकाला दोन गेले आणि दुसऱ्याला एकही मिळाला नाही, तर सारा वर्ग उठून उभा राहतो. न्यायाची जाणीव त्यांच्याजवळ असतेच. आपल्याला न मिळालेल्या खडूबद्दल जे वाटते, तेच दुसऱ्याला न मिळालेल्या खडूबद्दल वाटावे, एवढेच शिकवायचे असते. त्यासाठी हेच वय योग्य आहे. पुढे सवयी घट्ट होतात.

आता आपल्या माणसांकडे वळतो.

आपल्याकडची पहिली चूक म्हणजे वचन चिकटवणे. धडा पोस्टमनचा, खाली एक वचन; धडा बाजाराचा, खाली दुसरे. धडा होता तसाच राहतो, वचनही होते तसेच राहते, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध येत नाही. मूल वचन पाठ करते आणि बक्षीस घेते. संडे स्कूलमध्ये पाठांतराला मान आहे आणि तो असावा. पण समाज पाहायचा डोळा पाठांतराने उघडत नाही.

दुसरी चूक आयात अभ्यासक्रमाची. अमेरिकेतल्या ख्रिस्ती संस्थांनी तयार केलेले संच आपल्याकडच्या काही शाळांत आणि घरी शिकवणाऱ्या कुटुंबांत वापरले जातात. त्यांतला ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन हा १९७० मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेला संच घ्या. त्याच्या पद्धतीत मुले आडोसे घातलेल्या मेजांशी एकेकटी बसून पुस्तिका सोडवतात आणि काही विचारायचे असले तर मेजावर छोटे निशाण लावतात. गणितापुरते हे एखाद्या मुलाला मानवतही असेल. पण ज्या विषयाचे नावच समाज, तो विषय शेजारच्या मुलाचे तोंड दिसू नये अशा जागी बसून कसा शिकायचा? शिवाय अशा संचांमधली बर्फातली घरे, सोळाशे वीसचे मेफ्लॉवर जहाज आणि थँक्सगिव्हिंगची मेजवानी ही दुसऱ्या मुलखातल्या मुलांची ओळख आहे. त्यांच्यासाठी ती खरी आहे. श्रीरामपूरच्या किंवा वसईच्या मुलाला तीच ‘ख्रिस्ती ओळख’ म्हणून दिली, तर ख्रिस्ती होणे म्हणजे थोडेसे परदेशी होणे, असे त्याच्या मनात बसते. आपल्यावर परकेपणाचा जो आरोप होतो, त्याला आपणच हाताने पुरावा देतो.

मग ख्रिस्ती दृष्टी म्हणजे काय? माझ्या मते तिचे सार एका दृष्टांतात आहे. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. धर्मातली मोठी माणसे बाजूने निघून गेली आणि ज्याला सगळे तुच्छ मानत तो शोमरोनी थांबला. शेजारी कोण, या प्रश्नाला येशूने दिलेले हे उत्तर आहे. त्याने आपल्या लोकांना परक्याचा आदर्श दाखवला. ही दृष्टी वर्गात आणली की विषय कसा बदलतो, ते सांगतो.

दुसरीच्या मुलांना आम्ही घर ते शाळा असा नकाशा काढायला सांगतो. कागदावर भराभर गोष्टी उतरतात: नाक्यावरचा क्रूस, पिठाची गिरणी, रिक्षा स्टँड, केकचे दुकान, मारुतीचे देऊळ, कुत्रा असलेले घर. नाल्याच्या कडेला झोपड्यांची मोठी रांग आहे आणि बहुतेक मुले रोज तिच्यासमोरून येतात, पण ती कुणाच्याच नकाशात नसते. शोमरोन्याची गोष्ट सांगून झाली की मी एवढेच विचारतो, “आपण कुठल्या घरांपुढून न थांबता गेलो?” एकदा एक मुलगी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी तिथेच राहतात.” मग तिने पेन्सिलीने ती रांग काढली, दारांसकट. त्या तासाला मी वचन पाठ करून घेतले नाही. घेण्याची गरजही उरली नव्हती. त्याच बाकावर हिंदू आणि मुसलमान मुले होती. त्यांना कुणी काही सोडायला सांगितले नाही, आणि त्यांचेही नकाशे भरले.

‘आपले मदतनीस’ या पाठाचेही तसेच. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन यांची चित्रे रंगवून मुले मोकळी होतात. येशू नासरेथमध्ये सुताराच्या घरात वाढला, हातात रंधा-करवत धरणाऱ्यांत वावरला, हे ज्याला ठाऊक आहे त्या शिक्षकाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: घंटागाडीवरच्या दादांचे नाव काय? कुणालाच माहीत नसते. “उद्या विचारून या” एवढाच गृहपाठ द्यावा. ज्याचे नाव माहीत असते, त्याच्या अंगावर कचऱ्याची पिशवी भिरकावली जात नाही.

इतिहासात या दृष्टीची खरी परीक्षा असते. वसईच्या ख्रिस्ती मुलाला चिमाजी अप्पांची मोहीम कशी सांगायची? काहीजण ती घाईने उरकतात, जणू तो आपला पराभव होता. मी म्हणतो, सविस्तर सांगा. पोर्तुगीज सत्तेने या किनाऱ्यावर देवळे पाडली, धर्माच्या नावाने जुलूम केला. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालले. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगिजांची सत्ता गेली, पण वसईची ख्रिस्ती गावे आपल्या भाषेसकट, शेती-बागायतीसकट तिथेच राहिली. वसईच्या मोहिमेतल्या पोर्तुगीज घंटा आजही भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला पाहायला मिळतात. मुलांना त्या घंटेचे चित्र दाखवावे आणि सांगावे की, ही घंटा एका चर्चमध्ये वाजत होती, आता देवळात वाजते, आणि दोन्हीकडची माणसे मराठी बोलतात. आपल्या धर्माच्या नावाने झालेला जुलूम ख्रिस्ती शिक्षकाने स्वतःच्या तोंडाने सांगितला, तरच त्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलाला चिमाजी अप्पा आपले वाटतील. पश्चात्ताप हा आपल्या श्रद्धेचा पाया आहे. इतिहासाच्या तासाला तो बाहेर ठेवून कसे चालेल?

आणि अभिमानाच्या गोष्टीही आपल्याच मातीतल्या सांगाव्यात. सिंथिया फरार अमेरिकेतून येऊन अहमदनगरला मुलींच्या शिक्षणासाठी झिजल्या; सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायकांना आसरा दिला. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाने छापला. तिसरीच्या मुलीला हे कळायला काहीच अवघड नाही: तुझ्यापेक्षा थोडी मोठी असलेली एक मुलगी रागावून खरे बोलली आणि कुणीतरी ते छापले. पण त्याच दमात हेही सांगायला हवे की जात चर्चच्या दारात थांबली नाही. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीही वेगळी ठेवली गेली. हे लपवून मुक्ताचा अभिमान सांगणे हा खोटेपणा होईल.

यावर कुणी म्हणेल, शेजाऱ्यावर प्रेम, श्रमाची प्रतिष्ठा, सत्य ही मूल्ये तर सर्वांचीच आहेत. त्यांना ख्रिस्ती का म्हणता? मी त्यांच्यावर मालकी सांगत नाही. वारकरी शिक्षक हेच संतांच्या वाटेने शिकवील, बौद्ध शिक्षक करुणेच्या वाटेने, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण ज्याने त्याने आपल्या विहिरीतूनच पाणी शेंदायचे असते. माझ्या श्रद्धेचा उगम पुसून मी शिकवू लागलो, तर माझे शिकवणे कोरडे होईल, आणि माझ्या विद्यार्थ्यांना माणूस आपल्या विश्वासाशी प्रामाणिक राहून इतरांचा कसा होतो, हे पाहायला मिळणार नाही.

म्हणून ख्रिस्ती संस्थांच्या चालकांना माझे सांगणे आहे: परदेशी संच बाजूला ठेवा, बालभारतीचेच पुस्तक घ्या, आणि ते कुणाच्या बाजूने उभे राहून शिकवायचे, हे शिक्षकांशी बसून ठरवा. उपासनेचा तास वेगळा आणि ऐच्छिक ठेवा. परिसर अभ्यासाच्या तासाला कोणत्याही धर्माच्या पालकांना मागच्या बाकावर बसू द्या. तिथे त्यांना जे ऐकू येईल, त्याने त्यांचे मूल अधिक चांगला शेजारी होणार असेल, तर आपली दृष्टी ख्रिस्ती आहे. तसे होणार नसेल, तर प्रत्येक पानाखाली वचन छापूनही ती ख्रिस्ती ठरणार नाही.