कारवान : इमानाच्या कथेत न बसणारा कुत्रा

कुत्र्याविषयी मराठी माणसाजवळ दोनच कथा तयार असतात. एक इमानाची आणि दुसरी हीनपणाची. स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत करणारे कुत्रे, धन्याच्या चितेत उडी घेणारा रायगडावरचा वाघ्या, ही पहिलीची उदाहरणे. (वाघ्याच्या कथेत इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही.) दुसरी कथा तर भाषेतच मुरलेली आहे. कोणाचे हाल कुत्रा खात नाही, कोणाचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते. दोन्ही कथांत कुत्र्याला स्वतःचा असा स्वभाव नाही. तो एक तर धन्याचा आहे, नाही तर कोणाचाच नाही. कारवान घरी आणणाऱ्यांची फसगत होते ती याच ठिकाणी, असे आमचे मत झाले आहे.

कारवान हा दख्खनचा शिकारी कुत्रा. त्याला कोणी कारवानी म्हणते, कर्नाटकात तो मुधोळ म्हणून ओळखला जातो. कान-शेपटीवर लांब केसांची झालर असलेला तो पश्मी. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, असे सांगितले जाते. काफिल्यांबरोबर तो पश्चिमेकडून आला, हेही असेच सांगितले जाते. एका केनेल क्लबच्या दप्तरी तो 'कारवान हाउंड' आहे, तर दुसऱ्याच्या दप्तरी 'मुधोळ हाउंड'. नावाचा हा घोळ कुत्र्याला कधी बाधलेला नाही.

बाधतो तो आपला आग्रह. कारवान नजरेने शिकार करणारा आहे, वासाने नव्हे. लांब निमुळते डोके, दूरवरची हालचाल टिपणारे डोळे, खोल छाती, आत ओढलेले पोट. दूरवर ससा हलला की धन्याच्या इशाऱ्याची वाट पाहायला त्याला सवड नसते. निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्याकडून हे काम करून घेतले, त्याने घरात मात्र प्रत्येक हाकेला शेपूट हलवत यावे, ही अपेक्षा म्हणजे न्याय नव्हे. परक्याने पाठीवरून हात फिरवलेला त्याला खपत नाही. तो चावत नाही, उठून दुसरीकडे जातो. घरच्यांशीही त्याचे प्रेम मोजके असते. आणि आवाज चढवलेला तर त्याला मुळीच सोसत नाही. आमच्या घरच्या कारवानला पहिल्या पावसाळ्यात एक चप्पल कुरतडल्याबद्दल आम्ही जोरात रागावलो. पुढे कितीतरी दिवस तो आमच्या हातून जेवला नाही. भांडे ठेवून आम्ही खोलीबाहेर गेलो की मगच तोंड लावी. त्या काळात आम्ही त्याला 'कृतघ्न' म्हणालो होतो. हा शब्द आम्ही कोठून उचलला, हे पुढे बऱ्याच उशिरा ध्यानात आले.

दुसरी चूक अन्नाची. निरोगी कारवानच्या फासळ्या दिसतात, हे त्याच्या अंगकाठीचे लक्षण आहे. पण येणारा प्रत्येक पाहुणा विचारी, "याला खायला घालत नाही का?" लाजेपोटी आम्ही त्याला भरवत सुटलो. भाकरी, दूध, अंडी, वर भात. तो जाड झाला, धावताना लंगडू लागला, आणि पाहुण्यांचे समाधान झाले. शेवटी पशुवैद्यांनी आमचीच कानउघाडणी केली. खोल छातीच्या कुत्र्याला एकाच वेळी पोटभर घालून लगेच पळवले तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, तो जिवावरही बेतू शकतो. म्हणून दोन वेळा थोडे थोडे द्यावे आणि जेवणानंतर विश्रांती द्यावी. अंगावर चरबी नसल्याने त्याला थंडी बाधते, आणि नुसत्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जाड अंथरूण हा त्याचा लाड समजू नये. मान डोक्याइतकीच रुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो, तेव्हा पट्टा रुंद हवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर भूल देण्यापूर्वी जात कोणती ते सांगावे. अशा सडपातळ धावऱ्या कुत्र्यांना भुलेची काही औषधे जड जातात, शुद्धीवर यायला वेळ लागतो.

हे सारे शिकता येते. अवघड प्रश्न धावण्याचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कुत्रे सोडून सशाची शिकार करणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण कायद्याने काम काढून घेतले, पायांतली ओढ काढून घेतली नाही. साखळीला धरून सोसायटीभोवती दोन फेऱ्या मारल्याने ती शमत नाही. रस्त्यावर सोडावे तर समोरून मांजर पळताच हाक त्याच्या कानात शिरत नाही, मग वाहन येवो की आणखी काही. त्याला कुंपण असलेले मोकळे रान हवे, तेही उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी.

२००५ साली टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचे नाव घेतले. देशी कुत्रा पाळावा, हा विचार आम्हांस मान्यच आहे. हिमप्रदेशातले केसाळ हस्की आणून त्यांना आपल्या उन्हात भाजण्यापेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा. परंतु अभिमानापोटी आणलेला कारवान दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बांधलेला आम्ही पाहिला आहे. घरमालक सज्जन होते. कुत्रा अंगाशी येत नाही, ओळखीचे आले तरी भुंकून सांगत नाही, "आमच्यावर जीव लावत नाही", अशी त्यांची तक्रार होती. कुत्रा कठड्याच्या गजांतून खालचा रस्ता पाहत होता. त्याला कधी मोकळे सोडता का, असे आम्ही विचारले. त्यावर ते म्हणाले, "सोडले तर परत येईल याची खात्री काय?"

आमच्याजवळही त्याचे खात्रीचे उत्तर नव्हते. गावाबाहेर एका स्नेह्यांचे तारेचे कुंपण घातलेले पडीक रान आहे. रविवारी पहाटे आमच्याबरोबर तेथे चला, एवढेच आम्ही त्यांना सुचवले.