ब्रुनोने फिरायचं कुठे?

रविवारी मिसा आटोपली की मी ब्रुनोला घेऊन निघते. केबीआर पार्कात कुत्र्यांना मनाई, आणि ते योग्यच आहे. १९९८ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, मोर तिथे जमिनीवरच दाणे टिपत हिंडतात. आमचा ब्रुनो गुणी आहे, पण मोर दिसेपर्यंतच!

कोंडापूरला महापालिकेने २०१८ साली खास कुत्र्यांसाठी पार्क केलं. चांगलंच केलं. पण एवढ्याशा जागेत गोल गोल फिरणं म्हणजे गच्चीत फिरल्यासारखंच. त्याला हवी माती, गवतातले वास, इथल्या जुन्या ग्रॅनाइट खडकांच्या फटी.

असली जागा ना जंगलात मोडते, ना बागेत, म्हणून आधी तीच जाते. २०२५ मध्ये कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर बुलडोझर फिरले. सर्वोच्च न्यायालयाने थांबवले म्हणून थांबले. तेव्हा आपण हरणांबद्दल बोललो, बरोबरच होतं. पण खडकांमधल्या साध्या पायवाटांबद्दल कोण बोलणार?

माझं मागणं छोटं आहे: एखाद्या तलावाच्या बांधावर सकाळचे दोन तास, कुत्र्याला पट्टा, मालकाच्या हातात पिशवी. पिशवी विसरला तर खुशाल दंड करा. पहिली पावती माझ्या नावाने फाडली तरी चालेल, गेल्या आठवड्यात मीच विसरले होते.